स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना चहा-कॉफी: बंदच करावी, की वेळ आणि मात्रा सांभाळावी?

(चौघांची चर्चा; 'निशिगंध', 'मात्रा', 'श्वासमार्ग', 'काठावरून' ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

निशिगंध:
प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांपैकी एखादं स्टेरॉइड सुरू झालं की 'सकाळी खाऊन घ्या, मीठ कमी करा' एवढं सांगितलं जातं. चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक यांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. माझं मत असं: रोजचा डोस प्रेडनिसोलोनच्या २० मिलिग्रॅमच्या वर आणि कोर्स आठवड्या-दोन आठवड्यांचा असेल, तर तेवढे दिवस कॅफिन पूर्ण बंद ठेवावं.

दोघांचे त्रास एकमेकांवर चढतात. झोप उडणं, हाताला कंप, धडधड, चिडचिड, रक्तदाब वाढणं, पोटात जळजळ, ही यादी स्टेरॉइडची म्हणून वाचा किंवा जास्तीच्या कॅफिनची म्हणून, फारसा फरक पडत नाही. झोपेचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. दिवसभर मेंदूत साचणारं अडेनोसिन आपल्याला झोपेकडे ढकलतं आणि कॅफिन नेमकं त्यालाच अडवतं. त्यात शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, रात्री उतरतं, पण बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडला रात्र-दिवस कळत नाही.

मानसिक त्रास डोसबरोबर वाढतो हे जुनं निरीक्षण आहे. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या पाहणीत प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच भावंड) रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत तीव्र मानसिक लक्षणं १.३ टक्के होती, ४१ ते ८० मिलिग्रॅममध्ये ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के. अशा माणसाची झोप आणखी मोडायची कशाला?

मात्रा:
पूर्ण असहमत. आधी एक गैरसमज दूर करू. कॅफिनमुळे प्रेडनिसोलोनची रक्तातली पातळी वाढत नाही. प्रेडनिसोलोनचा निचरा यकृतात मुख्यतः सीवायपी३ए४ या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होतो, कॅफिनचा सीवायपी१ए२ मार्फत. वाटा वेगळ्या आहेत. राहतो तो फक्त परिणामांची बेरीज होण्याचा प्रश्न, आणि ती मात्रा व वेळ पाळून बरीच कमी करता येते.

आता बंदीचा तोटा बघा. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने एकदम थांबवलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास ती सर्वांत जास्त असते, आणि थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं हे कधी आठवडाभरसुद्धा चालतं. कोर्स अनेकदा असतो पाचच दिवसांचा. म्हणजे सगळा कोर्स कॅफिन सुटल्याच्या त्रासात जाणार आणि खापर स्टेरॉइडवर फुटणार. मग माणूस गोळ्याच अर्धवट सोडतो. बंदीच्या सल्ल्यातला हा सर्वांत मोठा धोका आहे.

त्यापेक्षा गोळी सकाळी आठ-नऊच्या आत, नाश्त्यानंतर, एकदम घ्यावी. दिवसातून दोनदा लिहून दिली असेल तर 'दुसरा डोस दुपारी लवकर घेता येईल का' हे डॉक्टरांना विचारावं. स्वतःहून हलवू नये, कारण काही आजारांत विभागून देण्यामागे कारण असतं. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत आणि शेवटचा कप दुपारी बाराच्या आधी. अंदाजासाठी: २४० मिलिलिटर फिल्टर कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम, तेवढ्याच काळ्या चहात ५० च्या आसपास, २५० मिलिलिटर एनर्जी ड्रिंकमध्ये ८०. कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. दुपारी चारला २०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री नऊला १०० आणि दोनला ५० अजून अंगात असतं. सकाळी आठला घेतलं तर झोपेपर्यंत फार थोडं उरतं.

निशिगंध:
पाच तास ही सरासरी झाली. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईमध्ये हा वेळ जवळपास दुप्पट होतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहून जास्त. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक किंवा फ्लुवॉक्सामाइन हे मानसिक आजारावरचं औषध चालू असेल तरी कॅफिन रेंगाळतं. स्टेरॉइडबरोबर प्रतिजैविक देणं काही दुर्मीळ नाही. अशांना 'दुपारी बारापर्यंत चालेल' हे गणित लागू पडत नाही.

आणि लोक मोजतात कप, पितात मोठा मग. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत प्रत्येकी ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, ते तर कुणी हिशेबातच धरत नाही. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमने झोप तासाभराहून जास्त घटते असं प्रयोगात दिसलं आहे, तेही निरोगी माणसांत.

डेक्सामेथासोनचं काय? प्रेडनिसोलोनचा परिणाम १२ ते ३६ तास टिकतो, डेक्सामेथासोनचा ३६ ते ५४. तिथे सकाळची वेळ गाठूनही रात्र मोकळी होत नाही.

मात्रा:
डेक्सामेथासोनचा मुद्दा मान्य. त्या दिवसांत मीही एक छोटा कप, तोही सकाळीच, एवढंच म्हणेन. बाकी मत तेच. ज्याला कॅफिन थांबवायचंच आहे त्याने ते दर दोन-तीन दिवसांनी पाव भाग कमी करावं.

श्वासमार्ग:
तुमच्या वादात दम्याचे आणि सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट श्वासविकाराचे) रुग्ण राहून गेले, आणि तोंडाने स्टेरॉइड वारंवार घेणाऱ्यांत तेच मोठ्या संख्येने असतात. थिओफिलिन हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध चालू असेल तर मी निशिगंध यांच्या बाजूने आहे. थिओफिलिन आणि कॅफिन एकाच कुळातली, यकृतात एकाच विकरावर अवलंबून. भरपूर कॉफी पिणाऱ्याची थिओफिलिनची पातळी वर सरकते, आणि त्या औषधाची सुरक्षित पट्टी मुळातच अरुंद आहे. मळमळ, उलट्या, धडधड सुरू झाली तर 'स्टेरॉइडची गरमी' म्हणून सोडून देऊ नका.

दुसरं पोटॅशियम. सालब्युटामॉलची वाफ वारंवार घेतली की ते खाली येतं, स्टेरॉइडनेही येतं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर आणखी. त्यावर दिवसभर कडक कॉफी म्हणजे हृदयाचे ठोके चुकायला आमंत्रण.

मात्र तोंडाने ओढायच्या पंपातल्या स्टेरॉइडला हे काही लागू नाही. तो डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. गुळण्या करा आणि चहा प्या. पंप आणि गोळी यांत गल्लत झाली की लोक पंपच बंद करतात आणि मग खरोखर गोळ्यांची वेळ येते.

काठावरून:
हाडांबद्दल कुणीतरी बोलणार म्हणून आधीच लिहितो. 'स्टेरॉइड आणि कॉफी मिळून हाडं पोखरतात' ही भीती अतिरेकी आहे. एका कपामागे कॅल्शियमचा तोटा काही मिलिग्रॅमच असतो, एक-दोन मोठे चमचे दूध त्याची भरपाई करतं. तीन महिन्यांहून जास्त काळ रोज २.५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन असेल तर लक्ष दिवसाच्या १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमकडे, ड जीवनसत्त्वाकडे आणि हाडांच्या तपासणीकडे द्या.

खरी चूक वेगळीच घडते. हाडांसाठी अलेंड्रोनेट दिलेलं असतं आणि माणूस ते सकाळच्या कॉफीबरोबर घेतो. त्याने औषधाचं शोषण सुमारे ६० टक्क्यांनी घटतं. ती गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि त्यानंतरच चहा, नाश्ता, स्टेरॉइड.

मात्रा:
उत्तम मुद्दा. साखरेबद्दलही असंच होतं. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारनंतर. उपाशीपोटीची तपासणी व्यवस्थित येते आणि सगळे निश्चिंत होतात. जेवणानंतर दोन तासांनी बघा. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात २७ ग्रॅमच्या आसपास साखर असते, तिच्यापुढे कॅफिनचा मुद्दा दुय्यम ठरतो.

निशिगंध:
लांबच्या कोर्समधला एक प्रसंग तरी माझ्या बाजूचा आहे. तीन आठवड्यांहून जास्त चाललेलं स्टेरॉइड हळूहळू उतरवताना, विशेषतः ५ मिलिग्रॅमच्या आसपास आल्यावर, अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या) अजून जाग्या झालेल्या नसतात. विलक्षण थकवा, मळमळ, उभं राहताना चक्कर ही त्याची लक्षणं. माणूस थकवा कॉफीने रेटतो आणि इशारा झाकला जातो. त्या काळात वाढलेली कॉफीची तलफ हीसुद्धा डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मात्रा:
हे पूर्ण मान्य. पण इथेही उपाय डोसची फेरतपासणी हाच आहे, कॉफीबंदी नव्हे. याच काळात घरी रक्तदाब मोजत असाल तर कपानंतर निदान अर्धा तास थांबा. २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनने वरचा आकडा सरासरी ८ ने वाढतो आणि तीनेक तास तसा राहू शकतो, त्यामुळे जमल्यास चहाच्या आधीच मोजा. चुकीच्या वेळच्या आकड्यावरून रक्तदाबाची गोळी वाढवली गेली तर चक्कर आणखी बळावेल.

श्वासमार्ग:
कॅफिन काढलेल्या कॉफीकडे वळणाऱ्यांसाठी: झोपेसाठी ती उपयोगी, कपात २ ते १५ मिलिग्रॅमच कॅफिन. पोटासाठी मात्र नाही, आम्ल तीही वाढवते. सोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं असतील तर अल्सरचा आणि रक्तस्रावाचा धोका स्टेरॉइड व त्या गोळ्यांच्या जोडीने वाढतो. काळी शौच दिसली तर कप बदलत बसू नका, तडक डॉक्टरांकडे जा.