उत्तर: पेट्रोल गाडीतूनही काजळी निघते

'काजळी ही डिझेलचीच भानगड, पेट्रोल गाडीत ती नसते' असं इथं कुणीतरी म्हटलंय. ते जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांपुरतं बरंचसं पटतं. तिथं पेट्रोल इनटेकमध्येच, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेवरच फवारलं जातं, हवेत मिसळायला वेळ मिळतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये फवारा थेट सिलिंडरमध्ये जातो. इंजिन गार असेल तर पिस्टनच्या माथ्यावर नि सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलचा ओला थर बसतो, तो धड जळत नाही आणि त्याचीच काजळी होते. म्हणून बेळगावच्या डिसेंबरातल्या गारठ्यात टिळकवाडीहून शहापूरपर्यंत जाऊन लगेच परतणं सगळ्यात वाईट. इंजिन तापायच्या आत घर येतं.

माझी टर्बो पेट्रोल गाडी अशीच चालते. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं की काळंकुट्ट. तरी पीयूसी (धुराची तपासणी) दरवेळी पास! कारण पेट्रोल गाडीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, काजळीचे कण मोजतच नाहीत. बीएस-६ या सरकारी प्रदूषण-नियमांमध्ये कणांच्या संख्येवर मर्यादा आहे, पण पेट्रोलमध्ये ती फक्त डायरेक्ट इंजेक्शनला, आणि तीही गाडीला मंजुरी देताना तपासतात. रस्त्यावर जुन्या झालेल्या गाडीचे कण पीयूसीत कुणी मोजत नाही, हे मला फार खटकतं.