मदत हवी आहे : वजन उतरलं, पण फुफ्फुसांचा रिपोर्ट तसाच कसा?

दादाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४६ होता, आता ३८ वर आलाय. पूर्वी बुटाची नाडी बांधायला वाकला की धाप लागायची. आता वाकल्या वाकल्या गप्पा मारतो! पण स्पायरोमेट्रीचे, म्हणजे नळीत फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या चाचणीचे, आकडे जवळपास तेच.

डॉक्टर घाईत होते. एवढंच कळलं की पोटाची चरबी श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला) वर रेटते, त्यामुळे साधा श्वास सोडल्यावरही जोर लावून बाहेर टाकता येते ती राखीव हवा, म्हणजे ईआरव्ही, सगळ्यात आधी घटते. मग सुधारणाही तिथेच दिसणार ना? रिपोर्टात तो रकानाच नाही. स्लो स्पायरोमेट्रीत (तीच चाचणी, पण सावकाश श्वास सोडून) ईआरव्ही कळेल, की बॉडी प्लेथिस्मोग्राफीच (बंद केबिनमध्ये बसून फुफ्फुसांतली हवा मोजायची चाचणी) करावी? कुणी वजन उतरण्याआधी आणि नंतर केली आहे का?

घोरणं मात्र अजून तसंच आहे, म्हणून स्लीप स्टडीचंही (झोपेत श्वास कसा चालतो त्याच्या तपासणीचंही) विचारते.