एसजीपीटी नॉर्मल, तरी बाबांचं हिमोग्लोबिन का घसरतंय?

वारणाकाठ:
बाबा ५४ वर्षांचे. अठरा वर्षं जुन्या बॅटऱ्यांच्या दुकानात आहेत. बॅटरी फोडायची, प्लेटा काढायच्या, शिसं वितळवून ओतायचं. दिवाळीपासून पोटात कळ येते, पोट साफ होत नाही, जिना चढला की दम लागतो. हिमोग्लोबिन ९.४, लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी ३१. डॉक्टर म्हणाले, लिव्हर छान आहे, लोहाच्या गोळ्या घ्या. दोन महिने घेतल्या, आता ९.२ आहे. शिसं अंगात भिनलं असतं तर लिव्हरचे एन्झाइम वाढले नसते का?

सुधा_मिरज:
मूळव्याध आहे का? फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, केलीत?

वारणाकाठ:
मूळव्याध नाही. फेरिटिन १८० आहे.

लॅबवाले काका:
ताई, २६ वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, म्हणून सविस्तर लिहितो. एसजीपीटी लिव्हरच्या पेशींच्या आत असतं. पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपतं आणि आकडा वाढतो. शिसं बहुतेक वेळा पेशी फोडत नाही, ते एन्झाइमचं काम अडवतं. त्यामुळे एसजीपीटी नॉर्मल आला म्हणजे शिसं नाही, असं होत नाही.

हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग म्हणजे हीम. ते मुख्यतः हाडांच्या मगजात आणि काही लिव्हरमध्ये, टप्प्याटप्प्याने बनतं. सुरुवातीच्या एका टप्प्यावर एएलएडी नावाचं एन्झाइम असतं. त्याला जस्त लागतं, आणि जस्ताच्या जागी शिसं जाऊन बसतं. शेवटच्या टप्प्यावर साच्यात लोह बसवणारं फेरोकेलेटेज, तेही अडतं. मग लोहाऐवजी जस्त बसतं. बाबांचं फेरिटिन १८० म्हणजे लोह घरात पडून आहे, बसवणारा कारागीर अडलाय. गोळ्या वाढवून काय होणार?

पोटातली कळही इथलीच असावी. हीम कमी पडलं की लिव्हर कच्चा माल, म्हणजे एएलए, जास्त बनवू लागतं. पुढची वाट बंद, म्हणून ते साठतं आणि नसांना त्रास देतं. आमच्याकडे आलेल्या एका बॅटरी कामगाराचं अपेंडिक्स आधीच काढून झालं होतं, कळ तशीच. स्लाइडवर तांबड्या पेशींत निळे ठिपके दिसले तेव्हा कुठे शिशाची तपासणी झाली. तो माणूस अजून आठवतो.

रक्तातलं शिसं आजच तपासून घ्या. सीरम चालत नाही, शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत असतं, म्हणून अख्खं रक्त द्यायचं. कामावरून थेट जाऊ नका. आंघोळ करून, दंड साबणाने धुऊन जा, कातडीवरची धूळ सुईबरोबर नमुन्यात जाते.

वारणाकाठ:
पण लघवी लाल वगैरे होत नाही. हीमचं बिघडलं की लाल होते असं वाचलं.

लॅबवाले काका:
ते वेगळ्या टप्प्यावर अडलं तर. तुर्कस्तानात १९५५ ते १९५९ दरम्यान हेक्झाक्लोरोबेंझिन हे बुरशीनाशक लावलेलं बियाण्याचं गहू लोकांनी दळून खाल्लं. त्याने लिव्हरमधलं वेगळं एन्झाइम अडलं, हीम बनतानाचे अर्धवट रंगीत पदार्थ, म्हणजे पोर्फिरिन, साठले, लघवी गडद लाल, उन्हात कातडीला फोड. हजारो लोक आजारी पडले, अंगावर पिणारी कितीतरी बाळं गेली. एएलएला मात्र रंग नसतो.

वारणाकाठ:
रिपोर्ट आला. ६२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. हात थरथरतायत.

लॅबवाले काका:
उद्यापासून बाबांनी दुकानात पाऊल टाकायचं नाही. अमेरिकेत ६० ला कामगाराला त्या कामावरून हलवणं मालकावर बंधनकारक आहे. मोठ्या रुग्णालयातल्या फिजिशियनना दाखवा, शिसं बाहेर काढणारं औषध द्यायचं का ते त्यांनी ठरवायचं. काम थांबलं की रक्तातला आकडा महिन्याभरात निम्म्यापर्यंत येऊ शकतो, पण हाडांतलं शिसं वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात येत राहतं. म्हणून तपासण्या चालू ठेवा. ईएसआय असेल तर कागद जपून ठेवा, व्यावसायिक आजारांच्या यादीत शिसं आहे.

घरात लहान मूल आहे?

वारणाकाठ:
भाचा, अडीच वर्षांचा. बाबा घरी आले की त्याच कपड्यात त्याला उचलतात.

लॅबवाले काका:
मग त्याचंही रक्त उद्याच द्या. मुलांमध्ये ५ च्या वर गेलं तरी शिसं कुठून येतंय ते शोधायला जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.