सासवडच्या बाजूला गाड्या नसलेल्या कच्च्या वाटा: कुठे, कशा?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. वय ५४, सायकल हायब्रिड, टायर ३५ मिमीचे. सहा वर्षं दर रविवारी मुळशी रस्त्याला जायचो. दोन महिन्यांपूर्वी भूगावच्या पुढे मागून आलेल्या गाडीचा आरसा कोपराला घासून गेला. पडलो नाही. कोपर आठ दिवस काळंनिळं होतं, आणि मी आठ दिवस पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले, तरी घरी कळायचं ते कळलंच. सौ.चा हुकूम निघालाय: सायकल चालवा, पण डांबरावर दिसलात तर भंगारात घालीन.

मित्र म्हणतो पुरंदरच्या पायथ्याला मुरमाचे रस्ते आहेत, तिथे चिटपाखरू नसतं. गाडीला कॅरिअर आहे, सासवडपर्यंत सायकल नेता येईल. ३० ते ४० किमी झेपतात, फार खडा चढ नको. शेतकरी ओरडतात का? कुत्री? ३५ चा टायर टिकेल का? कुणाकडे जीपीएक्स (वाटेची जीपीएस फाईल) असेल तर कृपया द्या.

राहुल_हडपसर

डोंगराचा हट्ट नसेल तर नवा मुठा उजवा कालवा धरा. लोणी काळभोरपासून उरुळी कांचन, यवतकडे कालव्याच्या कडेने कच्चा रस्ता जातो. सपाट आहे. खरं सांगायचं तर कंटाळवाणा आहे, पण गाड्या कमी. मध्ये कुठे झोपड्या, कुठे उकिरडा, कुठे कुणी दगड टाकून वाट अडवलेली. पाणी सोडलेलं असेल तेव्हा काठावरून मस्ती नको. यवतला कंटाळलात तर उजवीकडे भुलेश्वरचा डोंगर आहेच.

अंजिरवाला

काका, जीपीएक्स देणार नाही. आधीच सांगतो, रागावू नका. तीन वर्षांपूर्वी मी एका ग्रुपवर असाच ट्रॅक टाकला होता. पुढचे दोन रविवार पंधरा-पंधरा सायकली आल्या. तिसऱ्या रविवारी चार जीपा. मुरूम उकरून ढोपरभर चाकोऱ्या पडल्या, आमच्या एका चुलत्यांच्या ठिबकची नळी तुटली, आणि त्या संध्याकाळी वाटेवर आडवी बाभूळ येऊन पडली. अजून तिथेच आहे. चुलत्यांचं काही चुकलं नाही. म्हणून ट्रॅक देण्यापेक्षा वाट कशी हुडकायची ते सांगतो, ते जास्त दिवस पुरेल.

माझं गाव पुरंदर किल्ल्याच्या उत्तर अंगाला. नोकरीला पुण्यात, शनिवार-रविवार अंजिराच्या बागेत. तुमचा इलाखा म्हणजे कोडीत, गराडे, नारायणपूर, भिवडी ही पट्टी. भिवडी म्हणजे उमाजी नाईकांचं गाव. किल्ल्यावरचं केदारेश्वराचं टोक सगळीकडून दिसतं, त्यामुळे फोन बंद पडला तरी दिशा चुकत नाही.

सगळ्यात आधी माती बघायला शिका. डोंगराच्या पायथ्याला कातळ झिजून मुरूम झालेला असतो. पाणी त्यातून निथळून जातं, चाक रुतत नाही. तिथून खाली ओढ्याकडे उतरलात की काळी माती लागते. उन्हाळ्यात तिला भेगा, पावसात तिचा डिंक. एकदा सप्टेंबरात मी जवळची वाट म्हणून ओढ्याकडेने घुसलो. पन्नास पावलांत मागचं चाक फिरायचं थांबलं. सायकल खांद्यावर घेऊन निघालो, चपला दोनदा मातीत राहिल्या, आणि शेवटी ओढ्यात बसून तुरीच्या काडीने ब्रेकमधली माती कोरत होतो तेव्हा गावातली पोरं बघायला जमली. तेव्हापासून दोन वाटा फुटल्या की मी डोंगराकडची घेतो. चढ असला तरी.

दुसरं म्हणजे नकाशात उपग्रहाचं चित्र लावून डोंगराच्या कुशीत बारके तलाव शोधा. पाझर तलाव. यातले कितीतरी ७२ च्या दुष्काळातल्या कामांचे. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची, मजुरीबरोबर सुकडी मिळायची, त्या सुकडीची चव ती मरेपर्यंत सांगायची. तलाव बांधायचा म्हणजे तिथवर गाडी जाईल अशी वाट आधी करावी लागायची. तलावात आता मार्चनंतर पाणी नसतं, पण वाट राहिली. ती तलावापाशी संपते, म्हणून तिथे गाडी येत नाही. बांधावर चढलात की पलीकडे बहुतेक वेळा गुरांची वाट दुसऱ्या तलावाकडे जाते. असे तीन-चार तलाव जोडलेत की तुमचे तीस किलोमीटर झाले, आणि डांबर फक्त आडवं ओलांडायला लागेल.

३५ चा टायर मुरमाला पुरतो. खडीला नाही. नव्या रस्त्याला खडी पसरलीय आणि अजून रोलर फिरलेला नाही असं दिसलं की सरळ उतरा आणि चालत जा, लाजू नका. खरा शत्रू बाभळीचा काटा. लोक बाभळीच्या फांद्या तोडून कुंपण घालतात, काटे वाटेवर सांडतात. ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारं द्रव) भरून घ्या, दोन ट्यूब जवळ ठेवा, आणि बारीक चिमटा. बोटाने काटा निघत नाही, मोडतो, आणि उरलेलं टोक नवी ट्यूबही फोडतं. हा धडा मी एकाच सकाळी दोनदा घेतला आहे.

कुत्री गावातली नुसती भुंकतात. जपायचं ते धनगरांच्या कुत्र्यांना. दिवाळीनंतर रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात, खतासाठी. कळप दिसला की लांबूनच उतरा, सायकल मध्ये धरा, माणसाला हाक मारा. तो कुत्र्याला एक शब्द बोलतो आणि विषय मिटतो. पळवायला गेलात तर मेलात.

आणि हो, रविवारी नारायणपूरच्या मुख्य रस्त्याला लागू नका. दत्ताला गर्दी असते. या पौर्णिमेला तर दत्तजयंती आहे, त्या दिवशी इकडे फिरकूच नका.

निवृत्त_तलाठी

अंजिरवाले बरोबर सांगतात, एक भर घालतो. गावनकाशात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते. प्रत्यक्षात दोन्हीकडून नांगर सरकत सरकत ती सहा फुटांवर येते, आणि मग भाऊबंद तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ खाली अर्ज करतात. माझी अर्धी नोकरी या अर्जांच्या पंचनाम्यांत गेली. तुम्हाला एवढंच पुरे: पाणंदीवर कुणी अडवलं तर हक्क सांगू नका. कदाचित त्याच वाटेवरून त्याचा सख्ख्या भावाशी दावा चालू असेल. रामराम घाला, परत फिरा.

मृणाल_वानवडी

@अंजिरवाला, तलावांची युक्ती आवडली, पण जीपीएक्स न देणं मला पटलेलं नाही. काकांना चुकणं परवडेल. मी बऱ्याचदा एकटी असते. अनोळखी शिवारात वाट संपली आणि समोर तिघे दारू पीत बसलेत, असं माझं झालेलं आहे. तेव्हा पुढे काय आहे हे माहीत असणं म्हणजे चैन नव्हे.

काका, बाईमाणसाची एक टीप तुम्हालाही चालेल. मी सुरुवातीलाच वस्तीवरच्या एखाद्या मावशींकडे पाणी मागते, बाटली भरलेली असली तरी. कुठून आलीस, कुणाची, नवरा काय करतो, सगळी चौकशी होते. पण अर्ध्या तासात पुढच्या वस्तीला माहीत असतं की ती सायकलवाली येतेय.

सासवडच्या पूर्वेला मात्र सध्या जाऊ नका. पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी या बाजूला विमानतळाच्या जमिनींचा विषय तापलेला आहे. मी हँडलवरच्या जीपीएसकडे बघत थांबले तर दोन मिनिटांत चौघे गोळा झाले: "मॅडम, मोजणीला आलाय का?" माझ्या अंगात सायकलिंगचे कपडे होते तरी! त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं.

अंजिरवाला

ताई, तुमचं म्हणणं मान्य. हा कोन माझ्या डोक्यात नव्हता. तुम्हाला ट्रॅक व्यक्तिगत निरोपात पाठवतो, फक्त पुढे कुठे टाकू नका. काका, तुम्ही मात्र तलाव हुडका.

कोथरूडकर

काल जाऊन आलो. दत्तजयंती टाळून.

साडेसहाला सासवडमध्ये गाडी लावली. थंडी अशी की कानटोपीवर हेल्मेट चढेना. नकाशावर चार तलाव हेरून ठेवले होते, त्यातले दोन सापडले. तिसऱ्याच्या जागी वाटाण्याचं शेत निघालं. चौथ्याकडे जाताना वाट एका गोठ्यात संपली, अगदी गोठ्यात, म्हशीच्या समोर. आजोबा शेण भरत होते. म्हणाले, "तळ्याला व्हय? मागनं जावा. सगळी इथंच चुकत्यात." सगळी म्हणजे कोण, विचारलं. तर म्हणे मागच्या वर्षी एक जण आला होता.

एकूण २७ किमी. चार तासांत वाटेत भेटलेली वाहनं: ट्रॅक्टर एक, दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल एक. मुरमावर चाकाचा जो करकर आवाज येतो तो मी सहा वर्षांत कधी ऐकलाच नव्हता, कारण कान कायम मागून काय येतंय तिकडे लागलेले असायचे. पहिल्या तलावाच्या बांधावर तर मी सवयीने मागे वळून बघितलं. मागे एक बगळा होता.

काटे दोन. पहिला सीलंटने गिळला. दुसऱ्याला चिमटा लागला, तलाठीसाहेबांच्या भाषेत रीतसर पंचनामा करून काढला. मुरमाच्या एका उतारावर पुढचं चाक सरकलं आणि पडलो. डांबरावर सहा वर्षांत पडलो नव्हतो, इथे पहिल्याच दिवशी! गुडघा खरचटला, बाकी काही नाही. घरी मी स्वतःच सांगितलं. सौ. म्हणाल्या, गाडीने पाडलं की तुमचे तुम्ही पडलात? माझा मी, म्हटलं. मग ठीक आहे, म्हणाल्या.

परतताना खट्टा बहारातली दीड किलो अंजिरं घेतली, त्याचाही परिणाम असेल.

आता एक शंका. तांबूस धूळ चेनमध्ये अशी बसलीय की पेडल मारताना जात्यासारखा आवाज येतो. मी नेहमीचं पातळ तेल घातलं, तर आवाज वाढला. तुम्ही लोक काय वापरता?

अंजिरवाला

ओल्या तेलावर धूळ चिकटून त्याचा लगदा होतो. आधी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये चेन धुवा, पूर्ण वाळवा, मग मेणाचं वंगण लावा. रात्री लावा, सकाळी फडक्याने पुसा. आणि काका, तो गोठा कुणाचा ते ओळखलं. आजोबांना सांगतो, यंदा दोन जण धरा म्हणून.