लघवीतलं पीबीजी तपासायचंय, नमुना कसा द्यावा?

अनुजा_सातारा
धाकट्या बहिणीला (वय 27) दोन वर्षांत तिसऱ्यांदा पोटदुखीने अ‍ॅडमिट केलंय. सोनोग्राफी, सीटी सगळं नॉर्मल. काल खिडकीत राहिलेली लघवीची बाटली आज कोऱ्या चहासारखी झाली होती. ते बघून डॉक्टरांनी पोर्फिरियाची (हीम हा रक्तातला लाल घटक नीट न बनण्याचा आजार) शंका घेतली आणि पीबीजी, एएलए (हीम बनताना मधे तयार होणारे पदार्थ) लिहून दिलं. इथली लॅब 24 तासांची लघवी अ‍ॅसिड घातलेल्या कॅनमध्ये मागतेय. तशीच द्यायची का? कृपया लवकर सांगा.

लॅबवाला_नाना
ताई, अ‍ॅसिड अजिबात नको. एएलए त्यात टिकतं, पीबीजी नासतं. 24 तासांचीही गरज नाही. दुखत असतानाच एका वेळची लघवी घ्या, बाटलीला लगेच अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, कारण उजेडानेही पीबीजी जातं. बाहेरगावी पाठवणार असाल तर गोठवूनच. त्याच नमुन्यात क्रिएटिनिन करायला सांगा, नाहीतर सलाईनमुळे पातळ झालेल्या लघवीत आकडा खोटा कमी दिसतो.

तिथे एर्लिख रिएजंट (रंग बदलून पीबीजी दाखवणारं रसायन) असेल तर आजच अंदाज येईल. पीबीजी असेल तर गुलाबी-लाल रंग येतो. पण युरोबिलिनोजेनही (लघवीत एरवीही थोडं असणारा पदार्थ) तोच रंग देतं, म्हणून क्लोरोफॉर्म घालून हलवायचं. रंग खाली क्लोरोफॉर्ममध्ये उतरला तर युरोबिलिनोजेन. वर पाण्यातच राहिला तर ब्युटेनॉल घालून पुन्हा बघायचं. तरीही पाण्यात राहिला तर पीबीजी. ही 1941ची वॉटसन-श्वार्ट्झ चाचणी. तीव्र अ‍ॅटॅकमध्ये चांगली कळते, पण पक्कं निदान मोजलेल्या आकड्यावरच करा.

मृण्मयी७
मला व्हेरिगेट पोर्फिरिया (याच आजाराचा एक प्रकार) आहे. माझा पहिला नमुना दुखणं थांबल्यावर तीन आठवड्यांनी गेला, नॉर्मल आला आणि मला 'टेन्शन घेऊ नका' सांगून घरी पाठवलं. पुढचा अ‍ॅटॅक येईपर्यंत दीड वर्ष गेलं. तेव्हा आजच नमुना घ्या, उद्यावर टाकू नका! आणि फॉर्मवर 'पीबीजी' स्पष्ट लिहून घ्या. नुसते 'पोर्फिरिन्स' (हीम बनतानाचे पुढचे पदार्थ) केले तर ते इतर कारणांनीही थोडे वाढतात.

लॅबवाला_नाना
अगदी बरोबर. अ‍ॅटॅकमध्ये पीबीजी बहुधा दहापट किंवा त्याहून जास्त चढतं, त्यामुळे किंचित वाढ दिसली तर घाईने शिक्का मारू नये. पीबीजी नॉर्मल आणि एकटं एएलए वाढलेलं असेल तर रक्तातलं शिसं तपासा. पोट त्यानेही असंच दुखतं. काही भस्मांत शिसं असतं, बहीण अशी काही भस्मं घेते का?

अनुजा_सातारा
आत्ता नमुना फॉइलमध्ये गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवलाय, भाऊ पुण्याला घेऊन निघालाय. नाना, तुमच्यामुळे आईला विचारलं. गेल्या वर्षापासून पाळीच्या त्रासासाठी भस्माच्या पुड्या चालू आहेत, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. उरलेल्या पुड्या डॉक्टरांकडे नेऊन देते.