पुंगळ्यांना अमोनिया नको

काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या अमोनियावाल्या पॉलिशने पटकन चमकतात, असं इथे वर कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. पुंगळी घडवतानाचा ताण त्यात उरला असेल तर अमोनियाने भेगा पडतात. ब्रिटिश काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने अशीच तडकत. त्यामागचं कारण 1921 मध्ये उलगडलं.

मी इथे टेक्ससमध्ये पुंगळी धुताना सगळ्यात आधी उडून गेलेला प्रायमर (बुडातली, ठिणगी पाडणारी छोटी टोपी) काढतो, मग कोमट पाण्यात थोडं सायट्रिक आम्ल, दहाच मिनिटं. जास्त ठेवलं तर पितळ गुलाबी पडतं. नंतर भरपूर पाण्याने धुऊन टॉवेलवर दोन दिवस उन्हात. प्रायमरच्या खळग्यात थेंब लपून राहतो, तो हमखास बघा.