मदत हवी आहे: थायरॉईडची गोळी घेतली की उलटी होते

ताईंनो, मी विट्याची, तिसरा महिना संपत आलाय. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) 6.8 म्हणजे जास्त आलाय म्हणून रोज उपाशीपोटी थायरॉईडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असलं काय नव्हतं, पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं, मेंदूची वाढ त्यावरच, कमी पडलं तर गर्भपाताचा, बीपीचा, लवकर डिलिव्हरीचा धोका, गोळी बंद करायची नाही. ते पटलं, पण गोळी घेतली की अर्ध्या तासात उलटी, मग परत घ्यायची का? आता लोह-कॅल्शियम पण चालू होणार, त्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायचंय. कोणी रात्री झोपताना घेतलीय का ही गोळी? (सकाळी उपाशीपोटी राहायचं म्हटलं तर चहा सुटतच नाही.) पुढची तपासणी चार आठवड्यांनी सांगलीला आहे, तवर मॅडमना फोन करणारच आहे, पण तुमचा अनुभव सांगा ना प्लीज.